शिरगाव, दोन रात्री

नगरपालिकेची हद्द संपते तिथं
रस्त्याला गुरं लागतात.
रिक्षावाला म्हणतो, इथून पुढं शिरगाव,
परतीचं भाडं आधी बोलून घ्या.

शनिवार, रविवार, सोमवारी दुपारची गाडी.
दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवून आले:
श्रवणतपासणी बंद राहील.
बावीस वर्षं त्या जाड काचेच्या अलीकडे बसून सांगतेय,
आवाज आला की बटण दाबा,
अगदी बारीक आला तरी दाबा,
आला असं वाटलं तरी.
मला कुणी काही ऐकवू नये असं गाव हवं होतं.
हे धड गावही नाही.
रस्त्याच्या खाली कापलेलं भात उन्हात आडवं,
वरच्या अंगाला एनए प्लॉट, कोपऱ्यांवर चिरे रोवलेले,
मधे गॅस एजन्सीचं गोदाम
आणि त्याच्या सावलीत रवंथ करणारी
कुणाचीच नसल्यासारखी म्हैस.

होडेकरांच्या घरातली वरची खोली.
शमसुद्दीन होडेकर, एकतीस वर्षं बोटीवर,
आधी ग्रीसर, मग फिटर, सगळी नोकरी इंजिनरूममधे.
भिंतीवर बोटीचा फोटो, बंदराचं नाव उडालेलं.
खतीजाबी जेवायला बोलावताना त्यांना हाक मारत नाहीत,
जिन्याचा कठडा हलवतात.
कठड्यावर त्यांचा हात असतो. ते उठतात.
मी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.
सुट्टीवर होते.

रात्री तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी.
मग पडवीत बसलो, दिवा घालवून.
आणि रातकिडे असे सुरू झाले
की अंधारालाच कुणी कानस लावली.
भाताच्या खुंटांतून, चिऱ्यांच्या फटींतून, विहिरीच्या कठड्याखालून.
पाच हजार हर्ट्झ, थोडं वरच,
माझ्या डोक्यानं आपोआप लिहून टाकलं.

तेवढ्यात होडेकर म्हणाले,
"जागा शांत म्हणून घेतली बघा इथं.
एकच चैन गेली. पूर्वी रातकिडे काय असायचे!
बोटीवरून आलो की पहिली रात्र झोप नाही त्यांच्यापायी.
आता नाहीत. चार वर्षं झाली.
हे प्लॉट पाडले ना, कसलं औषध मारलं असेल.
गेले."

मी खतीजाबींकडे पाहिलं.
त्या बोटातली अंगठी फिरवत होत्या, तिच्यात पीठ अडकलेलं.
"हो," त्या म्हणाल्या, मोठ्यानं, त्यांच्याकडे तोंड करून,
"गेले खरे."
किडे इतके ओरडत होते
की त्यांचं 'खरे' मला ओठांवरून वाचावं लागलं.

रविवारी काही झालं नाही.
पाववाल्याचा भोंगा. खाडीला ओहोटी.
दुपारी तीन तास झोपले, तोंड उघडं टाकून.
रात्री पुन्हा पडवी, पुन्हा तेच किडे,
पुन्हा होडेकर प्लॉटवाल्यांवर घसरले
आणि मीही म्हटलं, "हो ना, काय करणार."
बावीस वर्षांत पहिला खोटा रिपोर्ट.

सोमवारी फाटकाशी खतीजाबींनी कोकमाच्या आगळाची बाटली दिली.
"तुम्ही काय करता?"
मी म्हटलं, बँकेत असते.
"बरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं डॉक्टर.
त्यांच्या कानाकडं बघत होतात."
मग फाटकाची कडी लावत,
"प्लॉटवाल्यांवर चिडतात, तेवढंच रक्त फिरतं.
आणि किड्यांचं काय, माझ्या एकटीला पुरतात."

कार्ड काढायला पर्समधे घातलेला हात
सुट्टे पैसे घेऊन बाहेर आला.

मंगळवारी दवाखान्यात पर्स उघडली
तर बाटली झिरपलेली.
सगळी कार्डं लालभडक, एकमेकांना चिकटलेली.
माझं नाव वाचता येत नव्हतं.
फोन नंबर येत होता.
एक सुटं करून खिडकीत वाळत ठेवलं,
आणि बाहेरच्याला आत बोलावलं.